गवरीवरचा ग

बारामतीत हार्डवेअरच्या दुकानात मी पॉलिश पेपर मागितला, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "लाकडाला पायजे का लोखंडाला?"

मी म्हटलं, "ग ला."

मग मीच उलगडून सांगितलं की मी पणदऱ्याकडच्या एका वस्तीवर अंगणवाडीत बाई आहे, आणि मला खरखरीत कागदाची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आहेत. पोरं त्यांच्यावरून बोट फिरवतील. "मग बारीक न्या," तो म्हणाला, "जाड नेलात तर सालटी निघतील पोरांची." माणूस शहाणा होता. मी बारीक नेला.

मला एक खोड आहे. एखादी गोष्ट कशी होते ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. अंगणवाडीत लागल्यापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा: अक्षर पोराच्या आत शिरतं कुठून? डोळ्यातून की बोटातून? तक्ता भिंतीवर वर्षभर लटकतो, पोरं घसा फोडून "क कमळाचा" म्हणतात, आणि तक्ता उलटा टांगला तरी तसंच म्हणतात. मी टांगून बघितलाय. म्हणजे डोळ्यावर माझा भरवसा उरला नाही. मग बोटं. एकदा आमचे मालक जेवायला बसलेले असताना मी मागून जाऊन त्यांच्या पाठीवर बोटानं 'ळ' काढला. म्हटलं, "ओळखा." ते म्हणाले, "जरा वर. हां, तिथंच खाजतंय." आता अशा माणसाबरोबर काय प्रयोग करायचे!

पण पोरांबरोबर करता येतात. आमच्या अंगणवाडीत मी काय काय नाही केलं. परातीत वाळू घेऊन त्यात अक्षरं काढली. खडूनं फरशीवर मोठा 'म' काढून त्यावर चिंचोके मांडायला लावले, तर एका पठ्ठ्यानं चिंचोका नाकात घातला. मदतनीस बाईंनी त्याला मिरीपूड हुंगवली, तेव्हा शिंकेसरशी चिंचोका बाहेर उडाला. ज्वारीच्या चिपाडाची साल सोलून काड्या, आत निघतो तो मऊ भेंडाचा गाभा कापून तुकडे, आणि काडीत तुकडा टोचत टोचत अक्षर उभं करायचं. ह्याच चिपाडाच्या बैलगाड्या आम्ही लहानपणी केल्या होत्या, तेव्हा कुणी आम्हाला त्यात अक्षरं आहेत म्हणून सांगितलं नव्हतं. पोरांना हे फार आवडायचं. काही जणांना अक्षर यायचं, काही जणांना नुसतीच बैलगाडी यायची. तरी हात हलत होते, आणि हात हलले की तोंड आपोआप चालायचं.

एकीचे मात्र हलत नव्हते.

पाच पुरी झालेली पोरगी. जूनमध्ये पहिलीत जायची. बोलायला इतकी तिखट की मिरची परवडली. त्यांच्या म्हशीला काय झालं, चुलत्यानं ट्रॅक्टर कुठं घातला, सगळं बैजवार सांगायची. पण वाळू पुढं ठेवली की गप. चिंचोके दिले की गप. उजव्या हाताच्या दोन बोटांनी एखादा चिंचोका उचलायची, मेलेलं झुरळ उचलावं तसा, आणि ठेवायची भलतीकडंच. डावा हात कायम मांडीखाली. मला वाटायचं थंडी वाजते की काय. पण एप्रिल उजाडला तरी हात मांडीखालीच.

पोरं अंगणात शिवणापाणी खेळायची, तेव्हा ही आधीच सांगून टाकायची, "मला धरू नका. मी कच्चं लिंबू हाय." म्हणजे खेळात आहे पण मोजायचं नाही. ती पळायची तर सगळ्यांच्या पुढं! मी विचारलं, "का गं, कच्चं लिंबू का?" ती म्हणाली, "आमच्या घरी म्हणत्यात तसं."

एक दिवस तिची आई कंपनीत जाता जाता गाडी थांबवून माझ्याकडे आली. डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. "बाई, घरात ठरतंय," ती म्हणाली, "हिला आणखी एक वरीस हितंच ठेवायचं. हिचा चुलतभाऊ जाईल पहिलीत. सासूबाई म्हणत्यात, पोरगी डोक्यानं कच्ची हाय, पाटीवर रेघ वडता येत न्हाय. तुमी सांगा, खरंच हाय का ती कच्ची? एकदा का त्यो शब्द चिकटला बाई, की लग्नापातुर निघत न्हाय."

मी म्हटलं, "मला जूनपर्यंत वेळ दे." तिनं मान हलवली आणि गाडीला किक मारली. गाडीच्या आरशात ती डोळे पुसताना दिसली.

त्याच आठवड्यात इंदापूरला आमचं प्रशिक्षण होतं. तिथं माइक घेतलेल्या एका ताईंनी कणकेची अक्षरं करून दाखवली. हळद घालून पिवळी, बीट घालून लाल. मऊ गोळा, हातात आला की वळावासाच वाटतो. मी तर हरखूनच गेले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात अख्खी मुळाक्षरं वळून टाकली. म्हटलं, आता बघू कशी हात मागं घेते ती! कणीक कुणाला आवडत नाही?

दुसऱ्या दिवशी मदतनीस बाईंनी आणि मी परातभर कणीक मळली. पोरांनी नुसता धुडगूस घातला. अक्षरं वळली, अक्षरं खाल्ली. एकानं 'क' ची शेपटी खाऊन त्याचा 'व' केला आणि मला आणून दाखवला. मी त्याची पाठ थोपटली, कारण हे मला कधीच सुचलं नसतं.

आणि आमची बया? तिनं तर आज कहरच केला. गोळा पुढं ठेवल्याबरोबर डावा हात मांडीखालून काढून थेट पाठीमागं, फ्रॉकच्या आत! इंगळी चावेल अशा भीतीनं. उजव्या हातानं गोळा चेपला, तो चपटा झाला, तेवढंच. माझं डोकं तापलं. मी मदतनीस बाईंना म्हटलं, "अहो, ह्या पोरीला देवानं हात दिलेत की दांडकी?" त्या म्हणाल्या, "बाई, सबुरीनं घ्या. खिचडी कशी चाटूनपुसून खाती ती." ते खरं होतं. उजव्या हातानं भराभर खायची. पण ते हातानं खाणं, आणि अक्षर वळणं, ह्यात फरक काय? मला काही केल्या उकलेना.

उकल शेळीनं केली.

वळलेली अक्षरं व्हरांड्यात कागदावर वाळत घातली होती. शेजारच्या वस्तीवरची शेळी दोर तोडून आली आणि आमची बाराखडी खायला लागली. पोरं नुसतीच किंचाळली. ही मात्र उठली, पायातली चप्पल काढली आणि भिरकावली. नेमकी शेळीच्या कुल्ल्यावर. शेळी उधळली, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि मी दारात उभीच राहिले. चप्पल तिनं डाव्या हातानं मारली होती.

"अगं बाई!" मी म्हटलं. "तू डावरी आहेस होय!"

ती घाबरली. हात परत मागं गेला. मी तिला जवळ घेऊन पायरीवर बसवलं आणि शेळीला कसा नेम लागला त्याचंच कौतुक केलं. मग हळूच विचारलं, "हा हात इतका गुणाचा, मग अक्षराला का गं लावत नाहीस?"

ती म्हणाली, "त्यो घाण हात हाय. आजी म्हणती, अन्नाला लावायचा न्हाय, देवाला लावायचा न्हाय. आन पाटीला बी न्हाय. पाटी म्हंजी सरसोती."

आता सांगा. पाटी तिला बंद होती, कारण पाटी म्हणजे सरस्वती. आणि मी शहाणी इंदापूरहून काय घेऊन आले, तर कणीक. म्हणजे अन्न! अन्नाचीच सरस्वती करून मी तिच्यापुढं ठेवली होती. ताईंच्या माइकमध्ये हे कुठं आलं नव्हतं, आणि मी जन्मभर ह्याच मुलखात भाकरी थापून माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मला हसूही आलं आणि त्या पोरीची कीवही आली. बिचारी वर्षभर एका हातावर बसून होती.

दुपारी मी तिच्या घरी गेले. आजी गोठ्यामागं शेणाच्या ढिगाशी बसून गवऱ्या थापत होती. शेणात भुस्सा कालवायचा, गोळा घ्यायचा, दोन्ही हातांनी चापटायचा, उन्हात मांडायचा. आमच्याकडे घरोघर गॅस आला, पण आंघोळीचं पाणी अजून बंबातच तापतं आणि बंबाला गवरीच लागते.

मी सरळच बोलले. "आक्का, पोरगी कच्ची नाही, डावरी आहे. तिला त्या हातानं लिहू द्या."

"डाव्या हातानं?" आजी म्हणाली. "उद्या सासरी पंगतीत डाव्या हातानं वाढल ही. लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

"वाढायला उजवा शिकेल की. लिहायला डावा राहू दे."

"बाई, तुमी शिकलेल्या हायसा. पर विद्येला डावा हात लावायचा न्हाय, ह्ये मी न्हाय ऐकायची. उजव्यानं येत आसंल तर जाईल शाळंत, न्हायतर ऱ्हाईल घरी एक वरीस. काय आभाळ कोसळत न्हाय."

पालथ्या घड्यावर पाणी. मी चडफडत उठले, आणि तेवढ्यात माझी नजर गेली ढिगाच्या पलीकडं. पोरगी तिथं उकिडवी बसून आजीबरोबर गवऱ्या थापत होती. डाव्या हातानं! गोळा उचलणं डाव्यानं, चापटणं डाव्यानं, कडा गोल फिरवणं डाव्यानं. आणि गवरी कशी, तर कंपासनं काढावी तशी गोल.

मी विचारलं, "आक्का, शेणाला चालतो वाटतं हा हात?"

"शेणाला काय," आजी म्हणाली, "कंचा बी चालतो."

मी परत खाली बसले. म्हटलं, "मग आक्का, मला उद्या एक घमेलं शेण द्याल का?"

"सारवायचं हाय व्हय अंगणवाडीत? तितं तर फरशी हाय."

"आहे काम," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या मागच्या अंगणात पोरांचं गोकुळ जमलं. प्रत्येकाला एक गोळा. गवरी थापायची, आणि ओली आहे तोवर बोटानं त्यात अक्षर कोरायचं. काहींनी नाकं दाबली, काहींनी कोपरापर्यंत हात बुडवले. ही आपली गवरी थापून बसली, बोट उचललं आणि थांबली.

"बाई," ती म्हणाली, "ह्याच्यात अक्षर काढलं, तर ही पाटी व्हती का?"

असा प्रश्न मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी विचारला नव्हता. अक्षर बसलं की वस्तूची पाटी होते का? भिंतीवर लिहिलं तर भिंत सरस्वती होते का? ट्रॅक्टरच्या मागं लिहिलेलं असतं, त्याचं काय? मी खरंच विचारात पडले. शेवटी म्हटलं, "मला नाही माहीत गं. पण अजून तरी ही गवरीच आहे."

तिला ते पटलं. डाव्या हाताचं बोट शेणात गेलं आणि 'ग' निघाला. दांडी सरळ, वर रेघ नीट. तिनं दुसरी गवरी थापली. 'म'. तिसरी. 'न'. मग 'र', मग 'ब', मग मी कधी धड शिकवलासुद्धा नव्हता तो 'घ'. पोरगी वर्षभर हातावर बसून डोळ्यांनी सगळं टिपत होती! माझा तो भुंगा, डोळ्यातून की बोटातून, तिथंच गप झाला. शिरत होतं डोळ्यातून. बाहेर यायला बोटाची वाट हवी होती, आणि ती वाट आपण बुजवली होती. मला रडू यायला लागलं. मदतनीस बाई म्हणाल्या, "शेणाचा वास चढला का?" मी म्हटलं, "हो, चढला."

संध्याकाळी एका पोराचे वडील तणतणत आले. "बाई, आमी पोरगं शिकायला धाडतो का शेण काढायला? शेणच काढायचं तर घरी काय कमी हाय?" मी त्यांच्या पोराची गवरी आणून त्यांच्या हातात दिली. त्यावर 'त' होता, जरा वाकडा. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. मग गवरी तशीच गाडीच्या डिकीत घालून निघून गेले.

गवऱ्या वाळल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. हिच्या सगळ्यात जास्त. तिच्या आईकडून मला काहीच कळेना. घरात विषयच निघत नाही म्हणाली. मे संपत आला. शाळेचे गुरुजी पहिलीच्या पोरांची विचारपूस करत वस्तीवरून फिरत होते, आणि मला जेवण गोड लागत नव्हतं.

मग एका सकाळी आजी स्वतःच अंगणवाडीच्या दारात उभी. डोक्यावर घमेलं. घमेल्यात गवऱ्या. तिनं ते खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यावरच खेकसली.

"बाई, काय करून ठिवलंय ह्ये? मी बंब कसा पेटवू?"

"का हो आक्का? वाळल्या नाहीत का?"

"वाळल्यात की. खडखडीत हायत. पर अक्षर हाय ना त्याच्यावर!" ती एक गवरी उचलून माझ्यापुढं धरत म्हणाली. "पायाखाली कागुद आला तर आपण पाया पडतो. आन ह्ये चुलीत घालू? दोनदा उचलली, दोनदा खाली ठिवली. घरात समदी गार पाण्यानं अंघुळ करायल्यात."

मदतनीस बाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मला हसू आवरत नव्हतं, पण त्या म्हातारीचा चेहरा बघून ते जिरलं. ती खरोखरच अडली होती.

मी म्हटलं, "आक्का, जाळा बिनघोर. ते डाव्या हातानं काढलेलं आहे."

आजीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग गवरीकडं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं खडबडीत बोट त्या खाचेतून फिरवलं, माझी पोरं पॉलिश पेपरावरून फिरवतात तसंच, हळूहळू, दांडीपर्यंत.

"ह्यो कंचा?"

"ग."

"कशाचा?"

"गाईचा. गवरीचा."

तिनं गवरी घमेल्यात ठेवली, ती सुद्धा उताणी, अक्षर वर येईल अशी. घमेलं उचलताना म्हणाली, "तुमी लई बेरकी हायसा, बाई," आणि चालू लागली. आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा? हो की नाही? तिच्या सुनेनं संध्याकाळी फोन करून सांगितलं, की त्या गवऱ्या गोठ्याच्या पोटमाळ्यावर खताच्या पोत्यात बांधून ठेवल्यात आणि बंबाला लाकडं आणलीत. पोरीच्या शाळेचं मात्र सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी आमच्या व्हरांड्यातून बघत होते. आमची अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, त्यामुळं पहिलीचा वर्ग मला समोर दिसतो. पोरं फुगे घेऊन येत होती. चुलतभाऊ आला. ती दिसेना. मी हातातली परात तशीच ठेवली. आणि मग फाटकातून आजी आली, तिच्या हाताला धरून. पोरीच्या डोक्याला तेल चोपडलेलं, दप्तर नवं.

मला राहवेना. मी वर्गाच्या खिडकीशी गेले. गुरुजींनी प्रत्येकाला पाटी दिली आणि म्हणाले, "ज्याला जे येतं ते काढा." पोरं लागली रेघोट्या ओढायला. हिनं पाटी मांडीवर घेतली, आणि डावा हात गेला मांडीखाली. ही काही गवरी नव्हती. ही पाटी होती. उजव्या हातात पेन्सिल तशीच धरून ती दाराकडं बघायला लागली. दारात आजी उभी होती.

चुलतभाऊ म्हणाला, "गुरुजी, तिला येत न्हाय. ती कच्चं लिंबू हाय."

"गप रे!" आजी दारातून कडाडली. सगळा वर्ग दचकला, गुरुजीसुद्धा. मग ती पोरीला म्हणाली, "माझ्याकडं काय बघती? काढ की त्या हातानं."

पोरगी हलेना. तिला खरं वाटत नसावं.

गुरुजींनी विचारलं, "आजी, नात डावरी आहे का?"

"व्हय," आजी म्हणाली. "डावरी हाय. समदी अक्षरं येत्यात तिला. माझ्या पोटमाळ्यावर हायत, बघायला या."

पोरीनं मांडीखालचा हात काढला, फ्रॉकला पुसला, आणि पेन्सिल ह्या हातातून त्या हातात घेतली.